सरकारांनी क्लाउडाचे स्थळ पाहिले ते वर्तमान

श्री. ज्याच्या कृपेने भटजी वेळेवर येतात आणि ज्याच्या अवकृपेने वरात चौकातच नाचत राहते, त्या लंबोदरास साष्टांग दंडवत घालून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत एका राज्यात जे घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव काय म्हणाल तर ते सांगण्याची आज्ञा नाही. राज्य लहान, दोन खोल्या आणि एक गॅलरी, खाली झेरॉक्सचे दुकान, परंतु दरारा मोठा, कारण ते वधूवर-सूचक राज्य. मुलखात कोणाची मुलगी उपवर, कोणाचा मुलगा पस्तिशीला टेकला, कोणाचा साखरपुडा मोडला आणि खरे कारण काय, हे सर्व वर्तमान तेथे जमा होई आणि तेथून बाहेर जात नसे. गादीवर श्रीमंत मथुताईसाहेब सरकार. त्यांनी जमविलेल्या लग्नांची मुले आता आपापली नावे घालावयास येत, इतकी गादी जुनी. राजज्योतिषी भानुपंत, सरकारांचे धाकटे दीर, स्वतः जन्माचे ब्रह्मचारी, सबब लग्नाविषयी मते अत्यंत पक्की. आणि दिवाणगिरीवर ऋजुताबाई, सरकारांची सून. पतिराज बोटीवर, सहा महिने परमुलखी, सहा महिने घरी सोफ्यावर. ऋजुताबाई आधी बँकेत होत्या, ती नोकरी सोडून इकडे आल्या, कारण त्यांस या कामाची गोडी लागली. दोन घरची माणसे पहिल्यांदा समोरासमोर बसली की जी एक भयंकर शांतता पडते, ती मुलाच्या मावशीला गुडघ्याचे विचारून मोडावयाची की मुलीच्या वडिलांना पार्किंगचे विचारून, हे त्यांस अचूक कळे. या कामासाठीच आपला जन्म जाहला ऐसे त्यांस वाटे, आणि ते खोटेही नव्हते.

तर गतवर्षी राज्यावर मोठा प्रसंग गुजरला. राज्याचे सगळे दप्तर एका मोठ्या संगणकात, ज्यास सर्व्हर म्हणतात. तो माळ्याखालच्या कपाटात कुरडयांच्या डब्याशेजारी बसे, आणि दसऱ्याला त्यास झेंडूचा हार मिळे, एरवी कोणी विचारीत नसे. तुळशीचे लग्न लागले की राज्याचा मेळावा भरतो, मुले-मुली आणि त्यांचे आईबाप शेकड्यांनी येतात, आणि सरकार व्यासपीठावरून जाहीर करितात की आता सर्वांचे फोटो आणि माहिती वेबसाइटवर खुली जाहली. गतवर्षी हे वाक्य उच्चारले मात्र, आणि साऱ्या मांडवाने एकदम फोन काढले आणि एकदम बोटे दाबली, आणि कपाटातला सर्व्हर, पंगत मोठी आणि वाढपी एक, हातात भाताचे ताट घेऊन मटकन खाली बसावा तैसा बसला. तो तीन दिवस उठला नाही. मग लोकांनी तोंडे वाकडी केली, आणि मग लोक पातशाहीकडे गेले.

पातशाही म्हणजे दूरच्या शहरातले एक बलाढ्य लग्नाचे ॲप, जेथे माणसाचा हात न लागता यंत्रच स्थळे जुळविते. पातशहाची नजर या राज्यावर पुष्कळ दिवस होतीच. त्याने यंदा भाद्रपदात आपला वकील पाठविला, नाव सौमित्र गुप्ते, तरणाबांड, दाढी कोरलेली, बोलणे मधाळ. त्याने तहाचा मसुदा पुढे ठेविला की नाव तुमचे राहील, दप्तर आमचे होईल, मथुताईंस घरबसल्या तनखा, भानुपंतांस रोजचे भविष्य लिहिण्याचे काम, आणि ऋजुताबाईंस कस्टमर केअर, म्हणजे कानाला यंत्र लावून ‘आपली अडचण समजू शकते’ ऐसे दिवसभर म्हणणे. हे कलम वाचून ऋजुताबाईंनी मसुदा दूर सारिला. परंतु सरकार थकलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, “गुप्ते, यंदाच्या मेळाव्याला या. त्या दिवशी पुन्हा बोजवारा उडाला, तर तिथल्या तिथे सही करते. लोकांच्या शिव्या खायचं माझं वय गेलं.” वकील मुजरा करून, चहा पिऊन, दुसरा चहाही पिऊन गेला.

मग ऋजुताबाई सरकारांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, “आई, कपाटातला सर्व्हर आता निवृत्त करू. आपण क्लाउडवर जाऊ.” सरकार पुसत्या जाहल्या की तो काय प्रकार. ऋजुताबाई सांगत्या जाहल्या की, आपले दप्तर आपल्या कपाटात न ठेवता दुसऱ्याच्या भल्यामोठ्या कोठारात भाड्याने ठेवावयाचे, आणि इंटरनेटाच्या वाटेने हवे तेव्हा मागवावयाचे. “कोठारं किती प्रकारची?” “मुख्य दोन. एक सार्वजनिक, तिथे हजारो लोक आपापलं सामान ठेवतात. दुसरं खासगी, ते फक्त आपल्या एकट्यासाठी. आणि तिसरा प्रकार म्हणजे—” “दोन आहेत ना?” सरकार म्हणाल्या. “मग दोन्ही स्थळं बोलव. पितृपंधरवडा संपला की बघण्याचा कार्यक्रम करू.” “आई, ही स्थळं नाहीत हो. कंपन्या आहेत.” “ज्याच्या घरी आपलं माणूस नांदायला पाठवायचं ते स्थळच. माहिती मागव दोघांची.” ऋजुताबाईंनी दोन्ही कंपन्यांस लिहिले, दोघांनी जाडजूड पुस्तिका पाठविल्या, आणि सरकारांनी चष्मा लावून दोन्ही पाहिल्या आणि मागे सारल्या की यांत आजोळ कुठले ते लिहिलेले नाही.

मग घट बसले आणि शुभ दिवस पाहून सार्वजनिकाचे स्थळ आले. त्यांच्याकडून श्रेयस बेंद्रे म्हणून एक उत्साही गृहस्थ. आल्या आल्या लॅपटॉप उघडू लागले, तो सरकार म्हणाल्या, “ते मिटवा आणि आधी पोहे घ्या.” बेंद्रे मुकाट पोहे खाऊ लागले. मग सरकार पुसत्या जाहल्या, “घरात कोण कोण असतं?” बेंद्रे ऋजुताबाईंकडे पाहो लागले. ऋजुताबाई हळूच म्हणाल्या, “तुमच्या क्लाउडवर आणखी कोण कोण आहे, असं विचारतायत.” “अच्छा. हजारो कंपन्या आहेत मॅडम. बँका, दुकानं, सिनेमे दाखवणारे, भाजी पोचवणारे.” “म्हणजे एकत्र कुटुंब.” “तसं... हो.” “मग एकमेकांच्या खोलीत जातात का?” “अजिबात नाही. प्रत्येकाला वेगळं कुलूप.” “कुलूप कोण लावतं?” “दार आमचं, पण कुलूप नीट लावायची जबाबदारी तुमची.” हे उत्तर सरकारांस आवडले, कारण खोटे बोलणारा मनुष्य सगळी जबाबदारी आपल्यावर घेतो हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. “आणि आमच्याकडे अचानक पाहुणे वाढले तर?” येथे बेंद्रे पोह्यांची बशी ठेवून खुलले आणि म्हणाले, “मॅडम, हीच तर आमची खासियत. शंभर आले तर शंभरांपुरतं, दहा हजार आले तर दहा हजारांपुरतं. आपोआप पसरतो, आपोआप आवरतो. वापराल तेवढंच भाडं.” भानुपंत कोपऱ्यातून बोलले, “फार लवचीक आहे. अशी मुलं टिकत नाहीत.” आणि त्यांनी कागद पुढे ओढून पुसले, “जन्मवेळ?” “कुणाची सर?” “कोठाराची. पत्रिका नको का मांडायला?” बेंद्रे गॅलरीत जाऊन फोन लावते जाहले, आणि आतल्या सर्वांस ऐको येत होते. “सर, ते विचारतायत डेटा सेंटर कुठल्या वेळेला सुरू झालं. नाही सर, तक्रार नाहीये. नाही, वीज गेली होती ती वेळ नको, पहिल्यांदा आली ती वेळ. हो सर, मिनिटांसकट.”

दुसऱ्या दिवशी खासगीचे स्थळ आले. गृहस्थ प्रभंजन कुलथे. नाव प्रभंजन, परंतु बोलणे ऐसे की पडदाही हलू नये. पोहे मोजून खाल्ले, मिरची बाजूस काढली, पाणी उष्टे न करिता वरून प्याले. सरकार प्रसन्न. “तुमच्याकडे कोण कोण?” “आपण. फक्त.” “बाकी कुणी नाही?” “आपलं यंत्र, आपली खोली, आपलं कुलूप. दुसऱ्याची सावलीही नाही.” भानुपंत मांडीवर थाप मारून म्हणाले, “घरंदाज.” मग ऋजुताबाईंनी पुसले की मेळाव्याच्या दिवशी एकदम पाचपट माणसे आली तर कैसे. कुलथे म्हणाले, “आधी कळवावं लागेल.” “किती आधी?” “दोन महिने. नवीन यंत्र मागवावं लागतं.” “कुलथे, आमच्याकडे लग्नाला पाचशे पानं सांगितली की आठशे उठतात. ते आधी कुणालाच माहीत नसतं, आचाऱ्यालाही नाही.” “आचारी आमच्याकडे नसतो,” कुलथे म्हणाले, आणि त्यांस हा विनोद जाहला हे कळलेही नाही.

स्थळे गेल्यावर मसलत बसली. भानुपंतांनी गुण जुळविले, सार्वजनिकाशी सत्तावीस, खासगीशी एकोणीस आणि वर नाडीदोष. आणि त्यांचा स्वतःचा कल खासगीकडे होता, सबब ते आपल्याच गणितावर रुसून बसले. सरकार म्हणाल्या, “मेळावा महिन्यावर आलाय. जो पसरतो तोच हवा.” आणि सार्वजनिकास होकार गेला. गेला तो या राज्याच्या रीतीने गेला, म्हणजे नारळ आणि पेढे. बेंद्रे यांच्या कचेरीत कुरियरने नारळ आल्यावर तेथील पहारेकऱ्याने तो यंत्रात घालून तपासला ऐसे ऐकिले आहे. ऋजुताबाईंस हायसे वाटले. परंतु या राज्याची एक जुनी रीत आहे की होकारानंतरही चौकशी थांबवीत नाहीत, शेजारीपाजारी विचारितात, मुलगा पितो का, बाप भांडकुदळ आहे का. ही चौकशी भानुपंतांकडे. त्यांनी बेंद्र्यांस सहज म्हणून फोन केला, आणि कुळात कोणी नामांकित आहेत काय ऐसे पुसिले. बेंद्रे बिचारे सरळमार्गी. छातीठोक सांगते जाहले की, “काय विचारता सर, तुमच्याच व्यवसायातलं सगळ्यात मोठं ॲप, तेसुद्धा आमच्याकडेच आहे.”

भानुपंत चप्पल न काढता आत आले. “वहिनी, पातशहा तिथेच भाड्याने राहतो.” सरकारांचा चेहरा उतरला आणि मर्जी ऐसी खपा जाहली की गॅलरीतली कबुतरे उडाली. “एका छपराखाली? आपल्या मुली त्या घरात पाठवू?” ऋजुताबाई म्हणाल्या, “आई, तिथे हजारो लोक आहेत. मोठ्या बँकेत आपला लॉकर असतो आणि चोराचाही असतो. म्हणून काही तो आपला उघडू शकत नाही.” “चोर ज्या बँकेत जातो त्या बँकेत मी जात नाही,” भानुपंत म्हणाले. “काका, ते तुम्हाला कळणार कसं?” “चौकशी करून.” सरकार म्हणाल्या, “लोक आमच्याकडे काय काय बोलून जातात ठाऊक आहे ना तुला? आईला न सांगितलेलं मला सांगतात. मोडलेली लग्नं, फिट येते, कर्ज आहे. उद्या एक शब्द बाहेर फुटला, तर गादी कशाला, मीच उरणार नाही.” हे त्या अगदी हळू बोलल्या, आणि या बोलण्यात खोट नव्हती. सार्वजनिकाचे लग्न मोडले. बेंद्र्यांस निरोप गेला की ‘पत्रिका जुळत नाही’, हे राज्याचे नकाराचे सभ्य वाक्य. बेंद्र्यांनी उलट लिहिले की दुसऱ्या वेळेची चालत असल्यास त्यांच्याकडे दुसरे डेटा सेंटरही आहे. मग खासगीस नारळ गेला. कुलथ्यांनी नारळाची पोच पाठविली. सगळे दप्तर दिवाळीआधी त्यांच्या कोठारात जाऊन बसले, शांत, बंदोबस्तात, आणि एवढेसे.

ऋजुताबाईंच्या डोळ्यांसमोर मेळावा येई आणि त्या मेळाव्यात पुन्हा पान न उघडता फोनवर नुसता फिरणारा तो गोल येई. सांगून कोणी ऐकेना. मग त्यांनी युक्ती काढिली. भाऊबीजेस सगळी मंडळी जमली असता, फराळाची ताटे समोर असता, त्या म्हणाल्या, “आई, रंगीत तालीम करू या का?” आणि समस्त कुळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकिला की सर्वांनी आत्ताच्या आत्ता आपली वेबसाइट उघडावी. इचलकरंजीच्या आत्यांनी उघडिली, वाशीमच्या मामांनी उघडिली, मामांनी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर पुढे ढकलिली, आत्यांनी भिशीच्या, भिशीने योगासनांच्या. मथुताई आपल्या फोनवर पाहात होत्या. आधी फोटो आले. मग अर्धे फोटो आले. मग एका मुलाचे कपाळ तेवढे आले आणि तेथेच गोल फिरो लागला. सरकार करंजी हातात घेऊन त्या कपाळाकडे पाहात राहिल्या. इचलकरंजीहून फोन आला, “मथे, मुलगा कपाळावरून बरा वाटतोय, पण खाली काय आहे?” कुलथ्यांस फोन केला, ते म्हणाले, “पूर्वसूचना हवी होती.”

सरकारांनी करंजी ताटात ठेविली आणि म्हणाल्या, “म्हणजे सही करावी लागणार.” ऋजुताबाई म्हणाल्या, “नाही. तिसरा प्रकार आहे. मी पहिल्या दिवशी सांगत होते, तुम्ही मला मध्येच तोडलं. दोघंही घ्यायचे.” हे ऐकून भानुपंतांच्या घशात चिवडा अडकला. पाणी पिऊन ते म्हणाले, “दोन स्थळांना एकदम होकार? ऋजुता, या गादीवर बसून असं बोलतेस? मुलखात तोंड दाखवायला जागा राहील का?” “काका, हे लग्न नाहीये.” “मग नारळ कशाला पाठवला?” “तो तुम्ही पाठवलात.” यावर खोलीत ती भयंकर शांतता पडली, दोन घरची माणसे समोरासमोर बसल्यावर पडते ती. ऋजुताबाईंनी परक्यांची ऐसी शांतता शेकडो वेळा मोडिली होती, घरची मोडणे कठीण. मग त्या काकांस सोडून सासूबाईंकडे वळल्या आणि म्हणाल्या, “आई, आपल्या घरचं लग्न कुठे झालं?” “कार्यालयात. तुला माहीत नाही का?” “कार्यालय आपल्या आधल्या दिवशी दुसऱ्याला भाड्याने होतं. कुणाला होतं, चौकशी केलीत?” सरकार चष्मा पुसू लागल्या. “आठशे माणसं घरात मावली असती का? नाही. म्हणून हॉल घेतला. पण माझे दागिने रात्री कुठे ठेवले होते?” “घरी. माझ्या कपाटात.” “कार्यालयात का नाही?” “वेड लागलंय का तुला, परक्या जागी कोण ठेवील...” आणि सरकार बोलता बोलता थांबल्या.

मग ऋजुताबाई भरभर सांगत्या जाहल्या की, फोटो, नाव, शिक्षण, उंची हे लोक दहा जणांनी पाहावे म्हणूनच देतात. ते सार्वजनिकात ठेवू, मेळाव्याच्या दिवशी तो हवा तितका पसरेल आणि दुसऱ्या दिवशी आवरेल. जे तुमच्या कानात सांगितलेले आहे, ते खासगीत, कुलथ्यांकडे, कुलूपबंद. दोन्हीकडून पसंती आली की त्या दोघांपुरतेच तेवढे पान उघडावयाचे, तेही तुम्ही किल्ली फिरवाल तेव्हा. तेथे गर्दी होणारच नाही, कारण पसंती काही एका मिनिटात आठशे जणांची होत नाही. “होते,” भानुपंत म्हणाले, “हल्लीची मुलं...” “भानू, तू चिवडा खा,” सरकार म्हणाल्या. आणि त्या हसो लागल्या. बहुत दिवसांनी हसल्या, पदर तोंडाला लावून हसल्या. “म्हणजे तो बेंद्रे आपला जावई नव्हेच. तो हॉलचा मॅनेजर.” “हो आई.” “मग आधी सांगायचं ना गं. मॅनेजरला मी पोहे कशाला देत होते, चहावर भागलं असतं.” मग बेंद्र्यांस पुनश्च बोलावणे गेले, या खेपेस नारळाविना. कुलथ्यांस सांगितले की अर्धेच सामान राहील. ते म्हणाले, “चालेल. शांतता राहील.”

तुळशीचे लग्न लागले आणि मेळाव्याचा रविवार उजाडला. मंगल कार्यालय फुलले. पाचशे बोलाविले होते, आठशे आले, ते कोणालाही आधी माहीत नव्हते, आचाऱ्यालाही नाही. पहिल्या रांगेत पातशहाचा वकील सौमित्र गुप्ते, मांडीवर बॅग, बॅगेत तह. सरकार व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि बोलल्या की आता सर्वांची माहिती खुली जाहली. आठशे फोन निघाले, आठशे बोटे दाबली गेली. ऋजुताबाईंनी आपला फोन पाहिला. त्यात गोल फिरत होता. शेजारी पाहिले, गोल. मागल्या रांगेत गोल, बाल्कनीत गोल, वराच्या आईच्या हाती गोल, वधूच्या बापाच्या हाती गोल. मांडवात कुजबुज सुरू जाहली, ‘यंदाही बसलं वाटतं’. गुप्त्यांनी बॅग उघडिली आणि पेनाचे टोपण काढिले. ऋजुताबाईंच्या कानात ‘आपली अडचण समजू शकते’ ऐसे कोणी बोलतो आहे ऐसा भास जाहला. त्यांनी बेंद्र्यांस फोन लाविला, तो लागेना. इतक्यात कार्यालयाच्या जुन्या, तारेच्या फोनवर इचलकरंजीच्या आत्या आल्या. “ऋजुता, अगं किती छान दिसतंय सगळं. भराभर उघडतंय. तो कपाळवाला मुलगा आज पूर्ण दिसला. नाक जरा मोठं आहे, पण चालेल.” “आत्या, तुमच्याकडे दिसतंय?” “सगळ्या भिशीला दिसतंय. तुमच्याकडे नाही?”

तेव्हा ऋजुताबाईंस उमगले की क्लाउड ताठ उभा आहे, बसले आहे ते या हॉलमधले नेट. जाड भिंतींतून येणारी एवढीशी वाट, आणि आठशे माणसे त्या वाटेने एकदम निघालेली. त्या धावत व्यासपीठावर गेल्या आणि सासूबाईंच्या कानात सांगितले. सरकारांनी मान डोलाविली, माइक हाती घेतला आणि नेहमीच्या पंगतीच्या आवाजात म्हणाल्या, “मंडळी, इथे आत रेंज नाही. सर्वांनी बाहेर अंगणात चला. खुर्च्या नेऊ नका, उभ्यानेच बघायचंय. भज्यांचं टेबलही बाहेर काढा रे.” आणि आठशे माणूस बाहेर निघाले, जैसे धरणाचे दार उघडावे तैसे. मोकळ्यावर येताच फोन जागे जाहले, फोटो धडाधडा येऊ लागले, आणि आता बेंद्र्यांचाच फोन आला, “मॅडम, एकदम चढलंय. काही करू नका, आपोआप पसरलंय.” मागोमाग कुलथे, “इकडे शांत आहे.” “शांतच असू द्या, कुलथे.” परंतु खरी मौज पुढेच. आत रांगांत बसून जी मुले मान वर करीत नव्हती, ती अंगणात रेंज शोधत एकमेकांच्या अंगावर जाऊ लागली. ज्याचा फोटो हातात, तोच मनुष्य समोर भज्यावर चटणी घेत उभा. “तुम्ही एकशे बारा नंबर का?” “हो. तुम्ही?” “मी तुमचाच फोटो मोठा करून बघत होतो, सॉरी.” “बघा ना. मी इथेच आहे.” एका मुलीच्या वडिलांनी मुलाचे पगाराचे विचारावयास तोंड उघडिले, तो मुलगी आणि मुलगा दोघेही दुसऱ्या ताटासाठी रांगेत गेलेले. भानुपंत पत्रिका घेऊन त्यांच्या मागे धावत होते.

गर्दी ओसरल्यावर गुप्ते वकील सरकारांपाशी आले. हातात तह होता, परंतु पेन खिशात गेले होते. सरकार म्हणाल्या, “काय गुप्ते, भजी मिळाली का?” “मिळाली.” “मग? पातशहांना काय सांगणार?” गुप्ते इकडेतिकडे पाहो लागले. मग हळूच म्हणाले, “ताई, एक विचारू? नाव घालायला फॉर्म कुठे मिळतो?” “कुणाचं नाव?” “माझं.” ऋजुताबाई तेथेच होत्या, त्या म्हणाल्या, “तुमचं? अहो, तुमच्याच घरी लाखो स्थळं आहेत.” गुप्ते म्हणाले, “आहेत ना. पण माझा साखरपुडा मोडलाय. दोष माझाच होता. तिकडे ते लिहिलं तर सोमवारी सकाळी आख्ख्या ऑफिसला कळतं, सगळ्यांना सगळ्यांचं उघडून बघता येतं. न लिहावं तर समोरच्या मुलीला फसवल्यासारखं होतं. तुमच्याकडे म्हणे, ती पसंत पडली तरच तिला दिसतं. आणि तिला एकटीलाच.” “बरोबर ऐकलंत,” सरकार म्हणाल्या. त्यांनी त्याच्या हातातला तह घेतला, पाठीमागची कोरी बाजू पाहिली, आणि तो ऋजुताबाईंच्या हाती दिला. “कागद बरा आहे. यांची माहिती लिहून घे.” ऋजुताबाई म्हणाल्या, “आई, आतली माहिती तुम्ही स्वतः विचारता ना? दुसऱ्या कुणाला विचारू देत नाही.” “आजपासून तू विचार,” ऐसे बोलून सरकार भज्यांच्या टेबलाकडे चालत्या जाहल्या, मागे वळून न पाहता. ऋजुताबाईंनी खुर्ची ओढिली, वकिलास समोर बसविले. तो खिशातले पेन काढून टोपण काढू-लावू लागला. त्यांनी त्यास पार्किंगचे विचारिले.

येणेप्रमाणे विश्वावसु संवत्सरीचा मेळावा सुफळ जाहला. पातशहाने दुसरा वकील पाठविला नाही, यापुढे अविवाहित मनुष्य इकडे पाठवावयाचा नाही ऐसा तिकडे ठराव जाहला म्हणतात. जे दहा जणांनी पाहावे ते हॉलात, जे कानात सांगितले ते कपाटात, आणि कुठले कुठे हे ठरविणारा मनुष्य घरचा असावा, एवढाच या मसलतीचा मथितार्थ. गुप्त्यांचे अद्याप जमलेले नाही, परंतु दर शनिवारी ते चहास येतात. लेखनसीमा.